दोन मिस्ड कॉल म्हणजे पसंत

सिंगापूरला निघायच्या आदल्या रविवारी अच्युतराव त्रिलोकेकरांनी ठाकूरद्वारच्या घरात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि आपली मिस्ड कॉलची योजना जाहीर केली. गोदी कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेळच वेळ होता आणि परदेशातून फोन करताना माणसं कशी लुटली जातात, यावर त्यांनी महिनाभर अभ्यास केला होता. रोमिंग पॅक त्यांनी नापास केला. तिकडचं सिमकार्डही नापास झालं. हॉटेलच्या फुकट वायफायला तर परीक्षेलाच बसू दिलं नाही.

"फुकट कोण देतं रे? वायफाय लावलं की मोबाइलमधलं सगळं त्यांच्याकडे जातं. बँकेसकट."

"मग दादा, बोलायचं कसं?" धाकट्या भावाने, देवदत्तने विचारलं.

"बोलायचंच नाही. बोललं की बिल. मी नुसती रिंग देणार, तू उचलायचं नाहीस. एक मिस्ड कॉल म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे मुलगा पसंत. तीन म्हणजे नापसंत. लिहून घे."

देवदत्तने मुकाट्याने लिहून घेतलं. मुलगा म्हणजे सम्यक. देवदत्तच्या मुलीने, ऋग्वेदाने, तो स्वतःच निवडला होता आणि सध्या तो सिंगापुरात नोकरीला होता. मुलगा आपल्यातला नाही, घरच्या कुणी पाहिलेलाही नाही, म्हणून देवदत्तचं मन तळ्यात-मळ्यात करत होतं. शेवटी दादा-वहिनी टूरला चाललेच आहेत, तर दादा सांगेल ते फायनल, असं ठरलं. ऋग्वेदा हो म्हणाली, कारण वडलांना दुखवून लग्न करायची तिची तयारी नव्हती आणि सम्यकला सोडायचीही नव्हती. त्या दिवसापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

योजनेचा पहिला भाग चोख पार पडला. विमानतळावर उतरल्या उतरल्या अच्युतरावांनी एक मिस्ड कॉल दिला आणि पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभे राहिले. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. देवदत्तचा होता. त्यांनी कापला. तो पुन्हा वाजला. चौथ्यांदा वाजल्यावर रांगेतले लोक वळून बघायला लागले, तेव्हा नाइलाजाने त्यांनी उचलला.

"काय झालं?"

"काही नाही दादा, मिस्ड कॉल मिळाला, हे सांगायला केला. तू कापत होतास म्हणून टेन्शन आलं. बरं, तिकडे हवा कशी आहे?"

अच्युतरावांनी फोन ठेवला आणि पत्नीला म्हणाले, "बेबी, योजनेत काही चूक नाही. माणसं कच्ची आहेत."

बेबीताईंनी पर्समधून दोघांचे पासपोर्ट काढले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, त्यामुळे कधी बोलायचं नाही ते त्यांना बरोबर कळे.

तिसऱ्या दिवशी टूरवाल्यांनी दुपार मोकळी ठेवली होती. सम्यक हॉटेलवर येऊन दोघांना जेवायला घेऊन गेला. मुलगा शांत होता, हसरा होता. काकूंना तिखट चालत नाही हे त्याने ऋग्वेदाकडून ऐकून लक्षात ठेवलं होतं. अच्युतरावांना तो आवडायलाच लागला होता, म्हणून खुशीत येऊन त्यांनी त्याला मिस्ड कॉलची योजना समजावून सांगितली.

सम्यकने सगळं नीट ऐकून घेतलं. मग अदबीने म्हणाला, "काका, एक विचारू? दोन मिस्ड कॉल आल्यावर तिसरा येणार आहे की नाही, हे घरच्यांना कळणार कसं?"

अच्युतरावांचा घास हातातच राहिला.

"थोडं थांबायचं. एवढं कळतं माणसांना."

"नाही, म्हणजे हॉटेलचं वायफाय आहे ना, म्हणून म्हटलं. काकूंच्या फोनवर मी दोन मिनिटांत लावून देतो. व्हिडिओवर बोला, फुकट."

जेवण आटोपून अच्युतराव तडक हॉटेलवर परतले. खोलीत शिरल्यावर म्हणाले, "मुलगा आगाऊ आहे."

"फोनचं बोलला म्हणून?"

"आज माझ्या योजनेत खोड काढली, उद्या संसारात काढेल."

"संसार पोरीला करायचाय, तुम्हाला नाही. पोर जेवत नाहीये तिकडे."

"मी तीन देणार."

बेबीताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पायात चप्पल सरकवली. "द्या. पण जरा पडा आधी, रागात काही करू नये. मी खाली लॉबीत बसते. इथे एसी फार लागतो."

त्या अर्ध्या तासाने वर आल्या, तेव्हा अच्युतरावांचा निर्णय आणखीच पक्का झालेला होता. त्यांनी पहिली रिंग दिली. दोन मिनिटांनी दुसरी दिली. तिसऱ्या वेळी मात्र रिंग न वाजता कुणी बाई इंग्रजीत काहीतरी सांगायला लागली.

"काय म्हणतेय ती?" बेबीताईंनी विचारलं.

"काही नाही. इकडची पद्धत आहे. पोचला कॉल."

चार दिवसांनी ते घरी आले, तर दारात पेढे. देवदत्तने दादाला मिठीच मारली.

"दोन मिस्ड कॉल, दादा. दोन वाजून दहा आणि दोन वाजून बारा. लगेच हॉलवाल्याला फोन केला. डिसेंबरची तारीख मिळाली बघ. तू पसंत म्हणालास, माझं ओझं उतरलं."

अच्युतराव उंबऱ्यातच थबकले. "दोनच आले?"

"म्हणजे? तिसरा दिला होतास?" देवदत्तचा चेहरा उतरला. पेढ्याचा बॉक्स हातात धरून ऋग्वेदा मागे उभी होती, ती जागची हलली नाही.

तिसरा दिला म्हणावं तर योजना फसली आणि त्या मुलाचं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं. शिवाय पोरीचा चेहरा बघवत नव्हता. या पोरीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. अच्युतरावांना मनापासून वाईट वाटलं आणि त्याच क्षणी मनापासून सुटकाही वाटली.

"तिसरा कशाला देईन?" ते म्हणाले. "दोन म्हणजे दोन. माझ्या योजनेत चूक होत नसते." आणि त्यांनी ऋग्वेदाच्या हातातल्या बॉक्समधला पेढा उचलून तिलाच भरवला. तिने तो सगळा खाल्ला.

आत स्वयंपाकघरात देवदत्तची बायको सुचित्रा चहा गाळता गाळता बेबीताईंच्या कानाशी लागली.

"वहिनी, तुमचा लॉबीतून वायफायवर व्हिडिओ आला आणि तीन रिंगा येणार हे कळलं, म्हणून निभावलं. दुसरी रिंग थांबली, तसा मी ह्यांच्या हातातून फोनच घेतला आणि हॉलवाल्याला लावला. तारीख मिळाल्यावरही मी पंधरा मिनिटं स्टेजच्या फुलांवर बोलत बसले."

"हळू बोल," बेबीताई म्हणाल्या. "तिसऱ्याचं फक्त त्यांनाच माहीत आहे, असं वाटतंय त्यांना."

बाहेर अच्युतराव खुर्चीत रेलून बसले होते आणि भावाला सांगत होते, "मुलगा चांगला आहे रे. फोनच्या बाबतीत जरा कच्चा आहे, पण ते मी शिकवीन त्याला."