तुमच्यात गळ, आमच्यात गाळ

हैबतअण्णा आमच्या दाराची कडी वाजवण्याआधी वारा बघायचे. बोट तोंडात घालून ओलं करायचे, वर धरायचे, आणि वारा त्यांच्या पाठीकडून माझ्या दाराकडे वाहत असला तर सरळ वळसा घालून मागच्या दारानं यायचे. "वारा पाठीवर घेऊन कुणाकडे जाऊ नये रे पुणेकर," म्हणायचे, "समोरच्याला आधी आपला वास लागतो." अहो, मी काय सांबर होतो? मी त्यांचा भाडेकरू होतो! बंगळूरच्या बनशंकरीत त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचो, आणि मागच्या दाराशी माझी मोरी होती. किती वेळा मी अंगाला साबण लावलेला असताना ते आत आलेत याची गणती नाही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलेलो. अण्णांचं घराणं मात्र तीनशे वर्षांपूर्वीच तिकडे गेलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. वाडवडील नावाजलेले शिकारी. अण्णांनी स्वतः जन्मात घूससुद्धा मारली नव्हती. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि आता त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं: म्युझियम.

शहराबाहेर आनेकलच्या पुढे तळ्याकाठी त्यांची वडिलोपार्जित चिंचेची राई होती. तिथं शिकारीची आणि मासेमारीची जुनी अवजारं मांडायची, पण भिंत बांधायची नाही, छप्पर घालायचं नाही. डुकराचं जाळं दोन झाडांमध्येच ताणायचं, मचाण चिंचेवरच बांधायचं, मासे धरायच्या बांबूच्या टोपल्या पाण्यातच ठेवायच्या. लोकांनी चपला काढून एकामागून एक चालायचं, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. "शिकार बंद झाली, सरी, बरंच झालं," अण्णा म्हणत; 'सरी' म्हणजे त्यांचं कन्नड 'ठीक'. "जनावर वाचलं. पण गप बसून ऐकायचं कसं, तेही माणूस विसरला की रे!"

दर रविवारी मला बसमध्ये कोंबून ते राईत नेत आणि प्रेक्षक म्हणून चालवत. एकदा मी शिंकलो. "बाहेर!" पुन्हा पहिल्यापासून. एकदा पायात काटा गेला म्हणून "आई गं" म्हणालो. "बाहेर!" एका रविवारी मला चार वेळा बाहेर काढलं, आणि मी एकटाच प्रेक्षक होतो.

आता खरी अडचण सांगतो. राई अण्णांची होती, पण तळ्याला लागलेला अर्धा तुकडा त्यांच्या धाकट्या भावाचा, गोविंदरावांचा. ते पुण्याला स्थायिक झालेले. आई गेली तेव्हा ते आले नाहीत, तेव्हापासून दोघांत सतरा वर्षं अबोला. आणि आता एक लेआउटवाला, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडून विकणारा, गोविंदरावांच्या मागे लागला होता. महिनाअखेरपर्यंत त्यांनी म्युझियमच्या कागदावर सही केली नाही, तर तळ्याचा काठ जाणार, तिथं साइटी पडणार. पाणीच गेलं तर मासेमारी दाखवायची काय नळाखाली?

शेवटी अण्णांनी पत्र लिहायचं ठरवलं. त्यांना लिहिता यायचं फक्त कन्नड. "कन्नडात मी शाळेत अर्ज लिहिले रे," ते म्हणाले. "भावाला घरच्या बोलीत लिहायला पाहिजे. तू लिही, मी सांगतो."

मी शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेला माणूस. पेन सरसावून बसलो. अण्णा येरझाऱ्या घालत सांगू लागले: "गोविंदा, तळ्याकडचा तुझा वाटा विकू नको. कागद करायचाय, सही पाहिजे." मग खिडकीशी गेले. म्हणाले, "लिही. तुझा गाळ अजून माझ्याकडे आहे. जपून ठेवलाय."

वा! मी मनात म्हटलं, म्हातारा कवी निघाला! सतरा वर्षांचं भांडण, त्याचा साचलेला गाळ! फक्त जरा साफसूफ करायला हवं होतं. माझ्यातला निबंधवाला जागा झाला आणि मी लिहिलं: "तुझ्याविषयीचा गाळ अजून माझ्या मनात साचून आहे. मी तो जपून ठेवला आहे." पत्र रजिस्टर करून टाकलं. वर स्वतःवर खूशही झालो.

आठवड्यात तार आली: रविवारी येतो, तळ्यावर भेट. अण्णा अक्षरशः नाचले. शनिवारी मला वस्तूंच्या पाट्या लिहायला बसवलं आणि एक पत्र्याचा डबा उघडला. आत गंजलेले, वाकडे, बारीकमोठे पन्नासएक गळ.

"ही पाटी लिही. गाळ."

"अण्णा, हे गळ आहेत. मासे धरायचे."

"तेच की! तुमच्यात गळ, आमच्यात गाळ. कन्नडातही गाळच म्हणतात." मग त्यांनी कागदाच्या पुडीतून एक एवढासा गळ काढला. "हा गोविंदाचा. तो सहा वर्षांचा असताना वडिलांनी लोहाराकडून करून घेतलेला. त्याला लिहिलंय की आपण, जपून ठेवलाय म्हणून!"

भावाचं लहानपण जपलंय असं सांगायचं होतं त्यांना, आणि मी मनातला चिखल रजिस्टर पोस्टानं पाठवला होता! सांगावं म्हणून तीनदा तोंड उघडलं. समोर अण्णा तो गळ धोतराच्या सोग्यानं पुसत होते. नाही सांगवलं. मी भित्राच आहे, पहिल्यापासून.

रविवारी अकरा वाजता गोविंदराव राईत आले. उंच, पॉलिश केलेले बूट, कपाळावर आठ्या. चपला काढायच्या पाटीकडे त्यांनी बघितलंही नाही. अण्णा दोन पावलं पुढे झाले आणि थबकले. गोविंदरावांनी खिशातून माझं अक्षर बाहेर काढलं आणि शुद्ध पुणेरीत, मोठ्यानं, वाचून दाखवलं. "तुझ्याविषयीचा गाळ अजून माझ्या मनात साचून आहे. मी तो जपून ठेवला आहे." घडी घातली. "हे ऐकवायला बोलावलंस? सतरा वर्षांनी?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, ते मी... मला वाटलं..." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. गेलं, मी म्हटलं. भाऊ गेला, तळं गेलं, म्युझियम गेलं, सगळं माझ्या एका वाक्यानं.

"हे मी सांगितलं नव्हतं," अण्णा हळू म्हणाले. "याला कळलं नाही, यानं लिहिलं." मग म्हणाले, "पण खोटं कुठं आहे त्यात? आहे की गाळ. आई तुझं नाव घेत गेली रे. तू आला नाहीस."

गोविंदरावांचा चेहरा उतरला. सगळी पुणेरी गळून पडली. "तार मला उशिरा मिळाली अण्णा. तेरावंसुद्धा होऊन गेलेलं. मग कुठल्या तोंडानं येऊ?"

"याच तोंडानं यायचं रे येड्या!" अण्णा ओरडले. त्या राईत मोठ्यानं बोलायची परवानगी नव्हती, पण त्यांना ते सुचलंच नाही. ते रडत होते. धाकटाही रडत होता. मी चिंचेकडे बघत उभा राहिलो, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

मग अण्णांनी खिशातली पुडी भावाच्या हातावर ठेवली. "हा बघ तुझा गाळ. हा जपलाय असं लिहायचं होतं." गोविंदराव त्या गळाकडे बघतच राहिले. बूट काढले, मोजे काढले, आणि साठीच्या घरातला तो माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्यात पाय सोडून बसला. अण्णा शेजारी बसले. दुपारभर दोघं कुणाकुणाची नावं घेत होते, हसत होते, मध्येच भांडतही होते. मी लांबून डब्यातलं चित्रान्न, म्हणजे तिकडचा लिंबाचा भात, खात बसलो.

साडेचार झाले. पाचची बस पकडून गोविंदरावांना स्टेशन गाठायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी महिना संपत होता. मला राहवेना. मी कागद आणि पेन घेऊन लगबगीनं पुढे गेलो. "गोविंदराव, ती सही..."

अण्णांनी माझं मनगट असं धरलं की दुखलं. मला बाजूला ओढलं आणि कानाशी लागून म्हणाले, "पेन आत ठेव रे. सही झाली की जाईल तो."