पाहुणे डॉक्टर आणि ठकीच्या नाकातला वाटाणा

परदेशातून एक डॉक्टर विनामूल्य सेवा करायला येणार असल्यामुळे सरकारी इस्पितळातले उपचार तात्पुरते स्थगित ठेवण्यात आले होते. कारण रास्त होतं. पाहुणे यायच्या वेळी घरात पसारा नसावा, आणि इस्पितळात सगळ्यात मोठा पसारा रोग्यांचाच असतो. तेव्हा खाटा रिकाम्या केल्या, चादरी बदलल्या. इथल्या दोघा डॉक्टरांकडे हारांचं खातं दिलं.

नेमका त्याच सकाळी ठकीने नाकात वाटाणा घातला.

ठकी चार वर्षांची. तिची आई शिकलेली. वाटाणा ओलाव्याने फुगतो आणि पुढे काय काय होऊ शकतं, हे सगळं तिने वाटेत फोनवर वाचून काढलं होतं. त्यामुळे एखाद्या अडाणी बाईला वाटली असती त्याच्या दुप्पट काळजी तिला वाटत होती.

दारावरच्या शिपायाने मायलेकींना बाकावर बसवलं.

"दादा, वाटाणा फुगतोय हो."

"फुगणारच ताई. वाटाणा आहे तो. पाहुण्यांचं स्वागत आटोपलं की बघू."

"पण ते सेवा करायलाच आलेत ना?"

"म्हणून तर त्यांची सेवा चाललीय," शिपाई समजुतीने म्हणाला. "आल्या आल्या पाहुण्याला कामाला जुंपायचं? तुमच्या घरी चालतं का असं?"

तिच्या घरी चालत नव्हतं. ती फोनचा उजेड ठकीच्या नाकात पाडून पाहू लागली.

"आई, दिसतोय का गं?"

"दिसतोय. बोट घालू नकोस."

आत हार झाले, भाषणं झाली. पाहुणे डॉक्टर इथली भाषा पुस्तकातून शिकून आले होते. ते उठून म्हणाले, "मी रुग्ण तपासू इच्छितो." टाळ्या पडल्या. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा टाळ्या पडल्या. शेवटी ते सरळ वॉर्डाच्या दिशेने चालू लागले, तेव्हा इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की वॉर्डात तपासायला माणूसच नाही.

ठकीची आई पुढे झाली. "साहेब, माझ्याकडे आहे पेशंट."

साहेबांनी ठकीच्या गालाला हात लावला. "खरा नको हो. खरा पेशंट रडतो. शिवाय बरा नाही झाला तर पाहुण्यांच्या मनाला लागायचं."

मग एकच धावपळ उडाली. हिशेबनीस, मोठ्या सिस्टर, हारांच्या खात्यातले दोघे डॉक्टर, सगळे पांघरूण घेऊन खाटांवर आडवे झाले. एक खाट रिकामी दिसायला लागली म्हणून साहेब स्वतः बूट काढून तिच्यावर पडले. संस्थेसाठी पडून राहायला ते कधीच मागेपुढे पाहत नसत.

योजनेत एकच उणीव होती. पाहुण्यांना त्यांचं काम येत होतं.

हिशेबनिसांचा रक्तदाब चढलेला निघाला. मोठ्या सिस्टरांच्या अंगात रक्त कमी निघालं. दोघा डॉक्टरांनी खोकला अंगावर काढला होता, तो पकडला गेला. साहेबांच्या छातीला पाहुण्यांनी नळी लावली, काढली आणि पुन्हा लावली.

"आपण उठू नये," अखेर ते म्हणाले.

"अहो, मी इथला प्रमुख आहे."

"होय, होय," पाहुणे हळुवारपणे म्हणाले. "ताप उतरला की तसे वाटणार नाही." आणि त्यांनी सलाइन लावलं.

फुकटात एवढं निघतंय म्हटल्यावर शिपायालाही राहवेना. तोही आपला गुडघा घेऊन आत गेला, तो तिकडचाच झाला. दार उघडं पडलं. ठकीच्या आईने लेकीला उचललं आणि थेट पाहुण्यांसमोर उभं केलं.

पाहुण्यांनी ठकीची मोकळी नाकपुडी बोटाने बंद केली. "आता आपण हिच्या तोंडात जोराने फुंकर घालावी."

तिने डोळे मिटून फुंकर घातली. वाटाणा सुटला तो टणकन साहेबांच्या सलाइनच्या दांडीवर आदळला. ठकी खिदळली. आईने मात्र पुन्हा एकदा फोनचा उजेड पाडून नाक रिकामं झाल्याची खात्री केली.

"बाहेर आणखी रुग्ण असतील," पाहुणे म्हणाले. "आत सोडायला कोणी उरले नाही. आपण कृपा कराल?"

करेल नाही तर काय. ती जाऊन शिपायाच्या खुर्चीवर बसली. एव्हाना बाक भरला होता. कडेवर बाळ घेतलेली एक बाई घाईने पुढे आली.

"ताई, ह्याचा कान ठणकतोय. सोडता का आत?"

ठकीच्या आईने वळून पाहिलं. पाहुणे हात धुऊन तयार उभे होते. बिचारे, सकाळपासून टेकले नव्हते. आणि उपकार केवढे त्यांचे.

"बसा जरा," ती म्हणाली. "माणूसच आहेत ते. दोन घोट चहा तरी घेऊ द्या."

"पण ते मलाच हाक मारतायत."

"तो त्यांचा चांगुलपणा झाला. आपल्याला कळायला नको?"

बाई वरमली. बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण चहा आणायला धावला. नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून दुसरा बिस्किटांना गेला. चार शब्द कोण बोलणार, यावर विचारविनिमय सुरू झाला.

बाकावर अजून थोडी जागा आहे. तुमचंही काही दुखत असेल तर या, सरकून घेतील. फक्त रिकाम्या हाताने येऊ नका. बरं दिसत नाही.