‘खा’ म्हणाल तर गॅलरीत

‘खा’ हा शब्द आजपासून घरात कोणी उच्चारायचा नाही, आणि जो उच्चारेल त्याने आपलं ताट उचलून गॅलरीत जायचं, असं घोषणावाल्यांनी एका संध्याकाळी वाकून बूट काढता काढता ठरवलं. (वाकलेल्या माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत. सगळं रक्त डोक्यात उतरतं.)

घोषणावाले म्हणजे बसस्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारणारे गृहस्थ. ते दिवसभर पुकारत, आणि प्रवासी दिवसभर त्यांच्याच खिडकीशी येऊन विचारत, “गाडी कुठे लागलीय हो?” आपलं कोणी ऐकत नाही, याची त्यांना सवय होती. पण घरी आठ वर्षांची लेक टिचकीसुद्धा ऐकेना, हे मात्र जिव्हारी लागे.

टिचकीला फक्त पांढरं चालायचं. भात, दूध, उकडलेला बटाटा. बटाट्यावर डाग दिसला की तोही बाद. हिरवं काही समोर आलं की तिचे ओठ डिंक लावल्यासारखे मिटत. मग घोषणावाले थेट स्टँडवरच्या आवाजात सुरू होत, “वाटाणे राहिले आहेत. वाटाणे खा. कोबी डाव्या बाजूला आहे. कोबी खा.” आणि टिचकी, गाडी रद्द झालेल्या प्रवाशासारखी, ताटाकडे बघत बसून राही.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. तिच्या फ्रॉकचे पट्टे खांद्यावरून घसरू लागले होते. मामाकडे गेली की ती जेवायची, हे बायकोने पाहिलं होतं.

“महिनाअखेरीपर्यंत फरक पडला नाही, तर तिकडच्या शाळेत घालते तिला,” बायको भांडी विसळत म्हणाली. “आणि मीही तिकडेच राहते.”

ती रागाने म्हणाली असती तर घोषणावाल्यांना बरं वाटलं असतं. राग उतरतो. ती दमून म्हणाली होती.

डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं, की आग्रह सोडा. त्याचा घोषणावाल्यांनी कायदा केला.

पहिल्या दिवशी टेबलावर अशी शांतता पसरली, की वरचा पंखा आवाज करतो हे सगळ्यांना प्रथमच कळलं. तो एक शब्द काढून घेतल्यावर या घरात बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं. बायको मिठाच्या वाटीकडे बघत होती. टिचकी भाताचा डोंगर करत होती. शेवटी घोषणावाल्यांनी घसा साफ केला.

“आज साहेबांच्या फार शिव्या खाल्ल्या.”

“बाबा, गॅलरी.”

“अगं, शिव्या! भाजी नाही!”

“खाल्ल्या म्हणालात.”

“शिव्या खाणं वेगळं आणि...”

“आता दोनदा झालं.”

“अहो, जा ना, डोकं नका खाऊ तिचं,” बायको म्हणाली आणि तिने जीभ चावली.

“आई, तू पण.”

वाळत घातलेल्या मोज्यांखाली नवरा-बायको ताटं धरून उभे राहिले.

“तुमच्यामुळे हे,” बायको कुजबुजली.

“माझ्यामुळे? तू कशाला मध्ये पडलीस?”

“आता गप्प उभे राहा आणि हवा खा.”

“ऐकू आलं!” आतून आवाज आला. (गॅलरीतून पुढे कुठे जायचं, याची तरतूद कायद्यात नव्हती.)

बायको दोन दिवसांत सावध झाली. घोषणावाल्यांना ते जमेना. ड्रायव्हरने कच खाल्ली, इंजिनाने वेळ खाल्ला, नवा कारकून भाव खातो. जे सांगायला जावं त्यात तो शब्द दबा धरून बसलेला. आपल्या भाषेत माणूस पैसे खातो, मार खातो, शेणसुद्धा खातो. फक्त वाटाणे तेवढे खात नाही, हे ज्ञान त्यांना गॅलरीत उभ्याने झालं. पुढे पुढे ते जाताना स्टूल घेऊन जाऊ लागले.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी काचेतून आत पाहिलं. टिचकी आईला वर्गातल्या कुणाचा तरी दात कसा पडला ते हातवारे करून सांगत होती. बायको हसत होती. (ही हसते, हे घोषणावाले विसरून गेले होते.) आणि बोलता बोलता टिचकीचा हात आपोआप ताटात गेला, वाटाणे उचलले, तोंडात टाकले. परत गेला. कोबीही गेला.

घोषणावाले दार ढकलून आत धावले. “अरे वा! खाल्ले! वाटाणे खाल्ले!”

हात थांबला. ओठ मिटले.

“बाबा,” टिचकी म्हणाली. रागाने नाही; म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करावी, तशा मायेने. “गॅलरी.”

महिनाअखेरीला फ्रॉकचे पट्टे खांद्यावर टिकू लागले. बायकोने भावाला फोन करून येत नसल्याचं कळवलं.

“म्हणजे राहताय ना?” घोषणावाल्यांनी विचारलं.

“राहतोय. फक्त जेवताना तेवढं तुम्ही...” तिने वाक्य पुरं केलं नाही. घोषणावाल्यांनी स्टूल उचललं.

चार दिवसांनी शेजारीण आली. “आमचं कार्टंही कशाला तोंड लावत नाही हो. तुम्ही औषध कुठलं दिलंत?”

“औषध कसलं? यांना बाहेर बसवलं.”

शेजारीण विचारात पडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी शेजारच्या गॅलरीत तिचा नवरा ताट आणि स्टूल घेऊन येऊन बसला. बँकेत काम करणारा, अबोल माणूस. घोषणावाल्यांना एकदम भरून आलं. किती दिवसांनी जेवताना कोणीतरी शेजारी होतं! काहीतरी आपुलकीचं बोलावं म्हणून ते शब्द शोधू लागले. हवापाणी, बँक, तब्येत, काहीच सुचेना. मग त्यांची नजर त्या ताटाकडे गेली.

“कोबी राहिलाय तुमचा,” ते प्रेमाने म्हणाले. “डाव्या बाजूला आहे.”

बँकवाल्यांनी आधी कोबीकडे पाहिलं, मग घोषणावाल्यांकडे. स्टूल उचललं आणि ते आत गेले. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“गप्प बसेन. पण आतच बसेन!”