खोली क्रमांक २११

शिक्षणाचा पाया शिस्त आहे आणि शिस्तीचा पाया फाटक आहे, याबद्दल विद्वानांत दुमत नाही. मद्रासच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९८४ साली हे तत्त्व दोन नियमांत बसवलं होतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहावं आणि आवारात वाहन ठेवू नये. (दुसऱ्या वर्षी कुठेही राहावं आणि वाहन ठेवावं. वर्षभरात माणूस जबाबदार होतो, असं नियम करणाऱ्या समितीचं निरीक्षण होतं.)

वसतिगृहात खोल्या दोनशे दहा होत्या आणि प्रवेश दोनशे अकरा झाले होते. दोनशे अकरावा गजेंद्र. त्याचे वडील तुळजाजीराव रेल्वेतून निवृत्त झालेले, तंजावरहून स्वतःची अँबॅसडर हाकत त्याला सोडायला आले होते. ही गाडी ते रोज सकाळी स्वतः पुसत. मुलावर जितका जीव, तितकाच गाडीवर.

"अण्णा नगरात याची आत्या आहे. बसने वीस मिनिटं. तिथे राहील की," ते वॉर्डनना म्हणाले.

वॉर्डन व्यासराज हळहळले. तेही तंजावरकडचेच, मराठी बोलणारे, त्यामुळे नियम सांगताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "आत्या चालत नाही हो, तुळजाजीराव. पाचच्या आत खोलीचा क्रमांक भरला नाही, तर प्रवेश रद्द."

चार वाजले होते. गजेंद्रचा चेहरा उतरला. तुळजाजीरावांनी मात्र नोकरीची अकरा वर्षं बाजूच्या रुळावर उभ्या केलेल्या डब्यात संसार केला होता. डब्याचं क्वार्टर व्हायला एक कागद पुरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"खोली म्हणजे काय, ते कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं होतं: छप्पर, दार, खिडकी आणि कुलूप असलेली जागा. अँबॅसडरला दारं चार. (प्राचार्यांच्या खोलीला एकच.) तुळजाजीरावांनी सही करून दिली की सदर वस्तू वाहन नाही. फाटकावरच्या वहीत नोंद झाली: खोली एक, आत आली, वेळ चार पन्नास.

गजेंद्र मागच्या सीटवर राहू लागला. पंखा देता येत नसल्याने काच खाली करायची लेखी परवानगी मिळाली. सप्टेंबरच्या पाहणीत खोलीला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं.

ऑक्टोबरात आयुधपूजा, म्हणजे गाड्या-अवजारांची खंडेनवमी आली, आणि गजेंद्रची आई राजसबाई कोहळा, हळदकुंकू आणि लिंबू घेऊन हजर झाल्या. चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय त्यांच्या घरात वर्ष सुखाचं गेलं नव्हतं. पण गाडी वीतभर जरी पुढे सरकली, तरी ती वाहन ठरणार आणि मुलाचं शिक्षण संपणार.

"अय्यो, लिंबू तसंच घेऊन जाऊ का रे?" राजसबाई रडकुंडीला आल्या.

व्यासराजांनी नियम चाळले आणि जॅक मागवला. गाडी वर उचलली, लिंबू ठेवलं, गाडी खाली सोडली. लिंबू चिरडलं. खोल्यांनी पुढेमागे जाऊ नये, हे उघड आहे. वर-खाली जाण्याबद्दल समितीने काही म्हटलेलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि गजेंद्रला आपल्या आईवडिलांचा फार अभिमान वाटला.

जूनमध्ये तो दुसऱ्या वर्षात गेला. आता आत्याकडे राहायला मोकळीक होती, वाहन ठेवायलाही होती. तुळजाजीराव आपल्याकडची दुसरी किल्ली घेऊन आले. गाडी बाहेर नेण्याच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला, तेव्हा रीतसर उत्तर मिळालं. आपल्या पाल्याच्या नावे आवारात वाहन नसल्याने परवाना देता येत नाही. खोली क्रमांक २११ यंदा विद्यार्थी अमरसिंह यांस दिली आहे. वसतिगृहाची खोली आवाराबाहेर नेणे हा गुन्हा आहे. सोबत त्यांच्याच सहीच्या कागदाची नक्कल जोडली होती.

अमरसिंहने डिकीत सामान लावलंसुद्धा होतं. तुळजाजीरावांनी रुमालाने पुढची काच एकदा पुसली, किल्ली त्या पोराच्या हातात दिली आणि बस पकडली.

त्यांच्याबद्दल वाचकांना वाईट वाटेल, यात शंका नाही. पण वाईट वाटण्याच्याही आधी तुम्ही मनातल्या मनात तो अर्ज पुन्हा लिहायला घेतलात. कुठला शब्द बदलला असता तर गाडी सुटली असती, हे शोधत बसलात. समितीला नेमकी अशीच माणसं लागतात. एक जागा रिकामी आहे, तुमचं नाव कळवलं आहे.