रगातपित्या आणि नानासोची रक्ती

या, टेका बूड असं. एका माणसाला भुतानं कसं सुधरवलं, ते आज सांगतो. पटलं न्हाई तर खुशाल उठून जावा.

साताऱ्यात गल्लीत केबल नुकती आलेली, तवाची गोष्ट. नानासो फौजेतला रिटायर हवालदार. मिशी अशी, की कुत्रंबी वाट सोडून चालायचं. पण गड्याचा जीव दोनच गोष्टींत. एक, लेक सई. दुसरी, रविवारची रक्ती. बोकडाचं रगात कांदा-चटणीत परतलेलं! ती नसली, की नानासो सोमवारपर्यंत तोंड फुगवून बसायचा.

एका रविवारी त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, कांद्याच्या टोपलीत हात घातला, तर हाताला कादंबरी लागली. कव्हरावर सुळे काढलेला गोरापान पोरगा आणि त्याच्या खांद्यावर मान टाकलेली पोरगी.

"सये! ही काय थेरं?" नानासो गरजला.

"आप्पा, व्हँपायरची गोष्ट हाय. माणसाचं रगात पितो, पर एका पोरीवर जीव जडतो त्याचा."

"रगात पितो? शी! असल्या रगातपित्याचं वाचती व्हय?" म्हणत त्यानं रक्तीची वाटी पुढं ओढली.

पुस्तक जप्त झालं. आता जप्त केलेला माल तपासायला नको? नानासो तपासायला बसला. ताट गार झालं, रक्तीवर माशी बसली, तरी हलला न्हाई. पोरीसाठी त्या गड्यानं तीनशे वर्षांची चटक सोडायची शपथ घेतली, तिथं तर नानासोची मिशी भिजली.

"मर्द हाय! पर पोरीचा बाप का आडवा येतोय? सुधारतंय ना पोरगं, मग द्यावी की पोरगी!"

राहीबाईनं सईकडं बघितलं. सईनं पायाच्या अंगठ्याकडं.

"दुसरा भाग कुटं हाय?"

"वाईला. वरदकडं. हितल्याच कालेजात येतो एस्टीनं. ह्यो भागबी त्याच्याच घरचा."

"वरदची पुस्तकं आपल्या कांद्यात कशी आली?"

सईनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यात सगळं आलं.

"त्या पोराच्या बापालाच समज देतो!" म्हणत नानासोनं वाईची एस्टी धरली. जाताना त्यानं पहिला भाग गपचूप पिशवीत टाकला, ते मात्र राहीबाईनं बघितलं.

वरदचे वडील हरीभाऊ ओट्यावर बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, नाकावर चष्मा आणि हातात दुसरा भाग.

"तुमचं पोरगं माझ्या लेकीला..." नानासोनं आवाज चढवला, आणि नजर पुस्तकावर गेली. "ते ऱ्हाऊ द्या. आवं, शपथेवर टिकला का गडी?"

"अजून टिकलाय." हरीभाऊंनी पानावर हात ठेवला. "सईचं आप्पा न्हवं तुमी? पोरगी गुणाची हाय. पर पावणं, आमी माळकरी. तुमची रविवारची रक्ती कळलीय आमास्नी. रगात खाणाऱ्याच्या घरी आमी पाण्याचा घोट कसा घ्यावा?"

"मला भूत म्हंता?"

"म्या कुटं म्हटलं? भुतानं तर सोडलंय. तुमीच अजून खाताय."

असला मार नानासोनं फौजेतबी खाल्ला नव्हता. त्याला कढईतली रक्ती दिसली, तिचा वासबी आला. मग सईचं खाली घातलेलं तोंड दिसलं. लय वेळ मिशी पिळून तो म्हणाला, "ठरलं! जवर त्यो टिकंल, तवर मीबी टिकंन. हवालदाराचा शब्द! आना तो भाग हिकडं."

सई-वरदचं लग्न दणक्यात झालं. दुसरा भाग मात्र भलत्याच जागी संपला. पोरीचं बोट कापतं, थेंब पडतो, गड्याचे सुळे बाहेर येतात, आणि पुढचं तिसऱ्या भागात!

तवापासून नानासो रविवारी मटकीची उसळ खातो. वाईला गेला, की पाणी प्यायच्या आधी विचारतो, "भाऊ, तिसरा गावला का?"

"न्हाई बा. छापलाच न्हाई वाटतं."

तिसरा भाग हरीभाऊंच्या देवघरात हाय. पोथ्यांच्या खाली, लाल फडक्यात बांधलेला. त्यांनी तो कवाच वाचलाय. तो रगातपित्या दुसऱ्याच पानावर घसरला, बोट चाटून मोकळा झाला.

तवा एवढं करा. साताऱ्यात नानासो भेटला आणि तुमच्या हातात पुस्तक बघून मिशी थरथरवत त्यानं विचारलं, तर बिनधास्त सांगा, "आप्पा, गडी अजून टिकलाय."