आजोबांनी नाकारलेली सूचना

मी काही उगाच फुशारक्या मारणारा माणूस नाही. पण त्या सोमवारी ऑफिसला निघताना बायकोला मी ठणकावून सांगितलं, "येत्या रविवारी तुझ्या बाबांचा फोन आला, की सांगून टाक. जावई कायम झाला!"

"झाल्यावर सांगते," ती म्हणाली. "आधी तो डबा घ्या, रोज विसरता."

सासरेबुवा म्हणजे उभा जन्म कायम नोकरीत काढलेला माणूस. दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत-बिब्येत काही नाही, थेट प्रश्न, "जावईबापू, कायम झालात का?" मी आपला हंगामी तो हंगामीच! ऑफिसात कायमची एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यावर डोळा ठेवून मी आशेवर दिवस काढत होतो.

आमचं ऑफिस लोकांचे जुने कागद स्कॅन करून जपतं. त्यात कुणी काना-मात्रेचाही फेरफार केलेला नाही ना, हे बघायला रोज सकाळी प्रत्येक फाइलचा एक ठसा काढायचा आणि आधीच्या ठशाशी ताडून पाहायचा. याला म्हणतात हॅश. फाइलमधलं एक अक्षर जरी हललं तरी सगळा ठसा बदलतो! काम चोख, पण गोगलगायीच्या चालीचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पडद्यावर तपासणी चालू आणि ऑफिसभर गप्पा चालू.

आता नव्या प्रोसेसरमध्ये या ठशासाठी खास सूचना मुळातच बसवलेल्या असतात. त्या न वापरता ठसा काढणं म्हणजे घरात मिक्सर असताना खलबत्त्यात कुटत बसणं. मी प्रोग्रॅम बदलला, त्या सूचना घातल्या आणि माझ्या टेबलावरच्या नव्या मशीनवर चालवून पाहिला. चहा थंड व्हायच्या आत सगळ्या फाइली तपासून मोकळ्या!

साहेब तर खुर्चीतून उठलेच. "शाब्बास! मुख्य कार्यालयातले पाहुणे यायचेत. त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवा. मग तुमच्या कायमचं मी बघतो!"

मोठ्या पडद्याला जोडलेले होते आमचे आजोबा. आजोबा म्हणजे जिन्याखालचा जुनापुराणा कॉम्प्युटर. चालू होताना इतका खोकतो, की त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाकच मारत नाही.

सोमवारी पाहुणे आले, बसले. साहेबांनी भाषण केलं. मी ऐटीत बटण दाबलं. आजोबा एकदा खोकले, आणि भिंतभर पडद्यावर अक्षरं उमटली : इल्लीगल इन्स्ट्रक्शन!

त्याचं असं आहे, की या नव्या सूचना जुन्या प्रोसेसरला कळतच नाहीत. म्हणून प्रोग्रॅमने आधी त्याला विचारायचं असतं, 'बाबा रे, तुला हे जमतं का?' नसेल जमत तर खलबत्ता आहेच. मी विचारायलाच विसरलो होतो! आणि न कळलेल्या सूचनेला प्रोसेसर सरळ बेकायदा म्हणतो. आपल्यासारखा 'वा वा' करत मान डोलवत नाही.

पाहुण्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बेकायदा सूचना? या ऑफिसात? कुणी दिली?"

"यांनी!" साहेबांनी क्षणात माझ्याकडे बोट केलं.

"साहेबांनीच सांगितलं होतं!" मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो.

झालं! चौकशी बसली. मुख्य कार्यालयातून एक वकीलबाई आल्या. प्रात्यक्षिकाला त्या नव्हत्या, आणि कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध टाइप करण्यापुरता. हे मला मागाहून कळलं. माझी समजूत अशी, की बाईंना सगळं सांगून पाठवलंय.

"सूचना कुणाला दिलीत?"

"आजोबांना."

बाईंनी भुवया उंचावल्या. "मग त्यांनी काय केलं?"

"नाकारली. बेकायदा आहे म्हणाले आणि जागच्या जागी काम बंद."

"सगळ्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोर!"

"बाणेदार दिसतात! किती वर्षं आहेत इथे?"

"साहेबांच्याही आधीपासून."

"आणि बसतात कुठे?"

"जिन्याखाली."

"जिन्याखाली!" बाईंचं पेन थांबलं. "रजा वगैरे घेतात?"

"कसली रजा? सुट्टीच्या दिवशीही बंद करत नाही आम्ही त्यांना."

"अरेरे! मला भेटायचंय त्यांना."

"आज नको, बाई. फार तापलेत. हात लावला तर चटका बसतो."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय ही यंत्रांविषयीची कळकळ! मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की चौकशी झकास झाली.

शुक्रवारी आदेश आला. साहेबांनी तो मोठ्याने वाचला आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. 'बेकायदा सूचना नाकारण्याचे धैर्य दाखविणारे या कार्यालयातील एकमेव कर्मचारी श्री. आजोबा यांना रिक्त जागेवर कायम करण्यात येत आहे. त्यांना जिन्याखालून हलवून खिडकीजवळची जागा द्यावी. यापुढे सर्व तपासणी त्यांच्याच हातून करून घ्यावी.'

मी साहेबांपुढे हात जोडले. "साहेब, सांगा ना त्यांना! आजोबा म्हणजे डबा आहे!"

"वेड लागलंय का?" साहेब दबक्या आवाजात ओरडले. "या आदेशाने प्रकरण मिटलंय, माझी मान सुटलीय! आणि 'बाई, तुम्ही एका डब्याला कायम केलंत,' हे त्यांना सांगणार कोण? तुम्ही? हंगामी माणूस?"

खिडकीजवळची जागा म्हणजे माझी जागा. तिथे आता आजोबा वाऱ्याला बसतात, मी जिन्याखाली. प्रोग्रॅममधली ती खास सूचना मी माझ्याच हाताने काढून टाकली. आजोबा आपले खलबत्त्यात कुटत असतात आणि तपासणी संध्याकाळपर्यंत चालते. मित्रमंडळी गप्पांवर इतकी खूश आहेत, की माझी पाठ थोपटून जातात. साहेबांनी कुणाला भलतंसलतं काम सांगितलं, की उत्तर ठरलेलं, "आजोबांना विचारून सांगतो!" वाईट मात्र मला फार वाटलं. खरंच वाटलं. ती जागा माझी होती हो!

रविवारी फोन वाजला. बायकोने तो माझ्या हातात दिला.

"जावईबापू, कायम झालात का?"

"नाही, बाबा."

"मग ती जागा गेली कुणाला?"

"आमच्या ऑफिसातल्या आजोबांना."

मग सासरेबुवांनी सासूबाईंना दिलेली हाक मला स्वच्छ ऐकू आली.

"अगं ए, ऐकलंस का? उगीच बिचाऱ्याच्या मागे लागलो मी. यांच्याकडे आजोबा झाल्यावर कायम करतात!"

आणि मग मला, अगदी मायेने, "असू दे हो जावईबापू. आजोबा व्हायचं तर आधी बाप व्हायला हवं. कामाला लागा!"

आता ही सूचना कायदेशीर होती, पण शेजारी कान देऊन उभ्या असलेल्या बायकोने ती ऐकताक्षणी नाकारली.