फौजी बंदूक आणि माझी तर्जनी

ढाणकीच्या बाजारात मी मिरची घ्यायला गेलो होतो. लखीराम भंगारवाल्याच्या दुकानात डोकावलो ते केवळ बसला अवकाश होता म्हणून. (जुन्या फौजी हत्यारांचा मी संग्राहक आहे. दिग्रसच्या जिनिंगमध्ये कारकुनी करतो ती पोटासाठी.) माझ्या संग्रहात तोवर एक संगीन, बारूद ठेवायचं एक शिंग आणि तलवारीची नुसती मूठ एवढंच होतं. बंदूक नव्हती. अन् इथं, मोडक्या तिफणीमागे, ती उभी होती. ठासणीची, लांबलचक, दस्त्यावर कसलासा शिक्का.

"पलटणीची हाये, बाबूजी," लखीराम म्हणाला. "सत्तावन सालची."

"कशावरून?"

"तुमाले पटत नसन तं अठ्ठावनची म्हणतो."

इतका समजूतदार दुकानदार पुन्हा कुठं भेटणार? मी बंदूक गोधडीत गुंडाळली आणि बस धरली.

घरी बायकोनं, सत्यभामेनं, गोधडी सोडून पाहिली. "मिरची कुठं हाये?"

मी तिला इतिहास समजावून सांगू लागलो.

"वरणाले फोडणी हिनंच देऊ काय?" ती म्हणाली. मग जरा मागे सरकली. "भरेल तं नाही ना?"

प्रश्न रास्त होता. संग्राहकाला हे ठाऊक असायला हवं. पण नळीत घालून पाहायचा गज बंदुकीसोबत नव्हता, म्हणून मी तर्जनी घातली. तर्जनी आत गेली ती गेलीच.

गोडेतेल झालं, साबण झाला. सत्यभामेनं दस्ता धरून ओढला, तर बंदुकीमागोमाग मीही चुलीपर्यंत गेलो. तेवढ्यात तिचा हात चापाजवळ पोचला आणि माझ्या अंगावर काटा आला. बंदूक भरलेली आहे की नाही, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि नळीच्या तोंडाशी माझा पंजा होता.

"उत्तमसिंग जमादाराकडे चला," ती म्हणाली. "तो पलटणीत होता."

"पण तो पोलिसात आहे."

"मंग जिंदगीभर असेच बसा."

तिनं बंदुकीवर आपली शाल टाकली आणि आम्ही निघालो. चीनच्या लढाईचे दिवस होते. कापसाच्या गाड्यांपाशी एकानं विचारलं, "बाबूजी, सरहद्दीवर चालले काय?"

"नाही, चौकीवर," सत्यभामा म्हणाली. त्यानंतर रस्ता आपोआप मोकळा होत गेला.

उत्तमसिंगनं शाल उचलून पाहिली. "बोट काहून घातलं?"

"भरलेली आहे का ते पाहायला."

त्यानं शाल परत बंदुकीवर टाकली. मग म्हणाला, "लायसन?"

"लायसन कायले?" सत्यभामा मध्येच म्हणाली. "लोखंडाची नळी हाये नुसती."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण संग्राहकाचं रक्त फार वाईट. "नळी काय म्हणतेस?" मी म्हणालो. "घोडेस्वार लोळवलेत हिनं."

"म्हणजे चालते?" उत्तमसिंगनं विचारलं.

"न चालायला काय झालं?"

सत्यभामेनं कपाळाला हात लावला. उत्तमसिंगनं शांतपणे खुंटीवरची बेडी काढली. "मंग अटक करा लागन, बाबूजी. बिनालायसनचं चालतं हत्यार हाये."

नोकरी, घर, जिनिंगच्या शेठजींचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. पायाच्या अंगठ्यापर्यंत दरदरून घाम फुटला. गोडेतेलाला जे जमलं नाही ते त्या घामानं केलं. पक्‌ असा आवाज झाला आणि तर्जनी बाहेर आली. लाल, सुजलेली, पण माझीच.

उत्तमसिंग बंदूक घेऊन अंगणात गेला. नळीत गज घातला. आतून कुंभारमाशीच्या घराची माती निघाली, मग आणखी माती. बारूद काही निघाली नाही. तरी त्यानं नळी आभाळाकडे केली, आम्हाला मागे व्हायला सांगितलं आणि चाप ओढला. मी कानांवर हात ठेवले.

बंदुकीचा घोडा सुटून खाली पडला. जवळच्या कोंबडीनं तो टोचून पाहिला आणि सोडून दिला.

उत्तमसिंगनं घोडा उचलून बंदुकीसकट सत्यभामेच्या हातात दिला. "घरी न्या, बाई. निकामी मालाले लायसन लागत नाही."

"अन् ह्यायले?" तिनं माझ्याकडे पाहत विचारलं.

त्यानंही मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तेच तं सांगून राह्यलो. दोन्ही न्या."